संगणकातला व्हायरस आणि फोनवरचा भामटा

संगणकातला व्हायरस म्हणजे कोणीतरी बसून लिहिलेला प्रोग्रॅम. दुसऱ्या फाइलला चिकटून जो स्वतःच्या प्रती काढत पसरतो तो व्हायरस. कोणाच्याही मदतीशिवाय नेटवर्कमधून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो तो वर्म. उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन आत शिरतो तो ट्रोजन. फायली कुलूपबंद करून खंडणी मागतो तो रॅन्समवेअर आणि गुपचूप पाळत ठेवतो तो स्पायवेअर. या सगळ्यांचे सामाईक नाव मालवेअर. बोलताना लोक सरसकट व्हायरसच म्हणतात आणि त्याने काही अडत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने खरा भेद एवढाच, की काही मालवेअर यंत्रातल्या उणिवेचा फायदा घेतात आणि काही माणसाच्या भीतीचा, लोभाचा, उत्सुकतेचा. यंत्रातली उणीव कंपनी दुरुस्त करून पाठवते. दुसऱ्या प्रकारावर तसा तयार इलाज नाही, आणि आज भामट्यांचा सगळा भर त्या दुसऱ्या प्रकारावरच आहे.

पर्सनल कॉम्प्युटरवरचा पहिला गाजलेला व्हायरस आपल्या शेजारच्या देशातला. 1986मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींचा माग लागावा म्हणून तो केला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. फ्लॉपीतून फ्लॉपीत तो जगभर गेला. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत ते याच फ्लॉपीच्या युगात. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. त्या वेळचे बहुतेक व्हायरस खोडसाळपणाचे असत. पडद्यावर संदेश झळकवायचे, फायली बिघडवायचे. लिहिणाऱ्याला त्यातून पैसा मिळत नसे.

4 मे 2000 रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने माणसाच्या स्वभावाचा वापर कसा करता येतो ते दाखवून दिले. ओळखीच्या माणसाकडून ईमेल येई, सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल जोडलेली असे. फाइलच्या नावातले शेवटचे शेपूट विंडोज लपवत असल्यामुळे प्रत्यक्षात प्रोग्रॅम असलेली ती फाइल साध्या मजकुरासारखी दिसे. उघडली की ती यंत्रातल्या फायलींची नासाडी करी आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र पाठवी. काही दिवसांत जगभरचे लाखो संगणक तिच्या तडाख्यात सापडले. संशयित तरुण मनिलात सापडला, पण असल्या गुन्ह्यासाठी तिथे कायदाच नसल्याने तो सुटला. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षी ऑक्टोबरात लागू झाला. आज व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून जी फाइल येते, तिची रचना तंतोतंत त्या प्रेमपत्राचीच आहे.

खंडणीचा धंदाही वाटतो तितका नवा नाही. 1989मध्ये एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने वाटल्या गेल्या. त्या वापरणाऱ्यांच्या फायलींची नावे काही काळाने उलटसुलट होत आणि 189 डॉलर पनामातल्या टपालपेटीवर पाठवण्याची सूचना पडद्यावर येई. तेव्हा पैसे वसूल करणे अवघड होते. बिटकॉइन आल्यावर ती अडचण संपली. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ दीडशेहून अधिक देशांत पसरला, दोन लाखांहून अधिक संगणक त्याने बंद पाडले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या उणिवेतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. दोन महिने हाताशी असलेला इलाज ज्यांनी लावला नाही, त्यांचेच संगणक प्रामुख्याने गेले. जून महिन्यात आलेल्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज ठप्प केले आणि त्याची झळ थेट न्हावा शेवापर्यंत पोहोचली, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले. युक्रेनमध्ये हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला प्रोग्रॅम उरणजवळचे कंटेनर अडवू शकतो, हे त्या आठवड्यात दिसले.

यातून घरच्या आणि दुकानातल्या संगणकासाठी निघणारे नियम थोडे आहेत. अपडेट आला की टाळू नये, त्याच दिवशी घ्यावा. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तेव्हा बिलिंगसाठी जुनेच यंत्र चालवणाऱ्या दुकानदारांनी याकडे लक्ष देणे भाग आहे. विंडोजमध्ये असलेला डिफेंडर सुरू ठेवला आणि सॉफ्टवेअर फक्त मूळ ठिकाणाहून घेतले, तर सामान्य घराला बहुधा तेवढे पुरते; विकतचा अँटिव्हायरस घेतला तर त्याचे नूतनीकरण चुकवू नये, कारण मुदत संपलेल्या अँटिव्हायरसला नवे व्हायरस ओळखू येत नाहीत. फुकटात मिळालेले ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर मात्र हमखास धोक्याचे. ते चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळे आले. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह उघडण्याआधी तपासून घ्यावा. आणि महत्त्वाच्या फायलींची, म्हणजे हिशेब, दाखले, फोटो यांची एक प्रत यंत्राबाहेर असावी. हार्ड डिस्कवर प्रत काढून ती डिस्क संगणकालाच जोडून ठेवली तर काही उपयोग नाही. रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. प्रत काढली की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरले तर काय होते, ते पुण्याने 2018च्या ऑगस्टमध्ये पाहिले. कॉसमॉस सहकारी बँकेचे 94 कोटींहून अधिक रुपये दोन-तीन दिवसांत गेले. एटीएममधून पैसे देण्याआधी यंत्र बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारते. चोरांनी मध्ये स्वतःची बनावट यंत्रणा घुसवली आणि तिच्याकडून ‘द्या’ असे उत्तर मिळवले. बनावट कार्डांवर अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून काही तासांत रक्कम काढली गेली, भारतातही कोल्हापूर, मुंबईसारख्या शहरांतून काढली गेली आणि शिवाय स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेमार्गे जवळपास 14 कोटी हाँगकाँगला वळवण्यात आले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही. एप्रिल 2023मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात 11 जणांना शिक्षा दिली. ते प्रामुख्याने एटीएमपुढे उभे राहून नोटा काढणारे होते. मालवेअर लिहिणारे हात दूरच राहिले. सायबर गुन्ह्यात हे पुन्हा पुन्हा घडते आणि त्याकडे पुढे यायचेच आहे.

आता बहुतेकांचा मुख्य संगणक खिशात असतो. अँड्रॉइड फोनवर येणारे सर्वांत घातक मालवेअर आजकाल एपीके फाइलच्या रूपात येते. नाव काहीही असते: आरटीओ चलान, लग्नपत्रिका, पीएम किसान, विजेचे बिल, बँकेची केवायसी. एपीके म्हणजे ॲप बसवण्याची फाइल. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, चलान सरकारी संकेतस्थळावर दिसते. यांपैकी कशालाही ॲप बसवावे लागत नाही. फाइल दाबली की फोन आधी अडवतो, अनोळखी ठिकाणचे ॲप आहे म्हणून इशारा देतो. भामट्याच्या संदेशात या इशाऱ्याकडे दुर्लक्ष कसे करायचे तेही लिहिलेले असते. पुढे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. ही दुसरी परवानगी दृष्टी अधू असलेल्यांसाठी केलेली सोय आहे. ती मिळालेल्या ॲपला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. एवढे झाले की बँकेचा ओटीपी मालकाला दिसण्याआधी चोराला पोहोचतो. मग तीच फाइल त्या फोनमधल्या सगळ्या गटांत जाते, आणि गावच्या भजनी मंडळाच्या गटावर खजिनदाराच्या नावाने पत्रिका येऊन पडते. संदेश ओळखीच्या नंबरवरून आला, एवढ्यावरून तो ओळखीच्या माणसानेच पाठवला असे धरता येत नाही.

अशी फाइल चुकून बसवली गेलीच तर पहिल्यांदा फोनचे इंटरनेट बंद करावे, वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवावे. सेटिंगमधून ते ॲप काढायचा प्रयत्न करावा. निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करणे हाच खात्रीचा उपाय. पासवर्ड बदलायचे ते बाधित फोनवरून नाहीत, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून.

इथवरचा भाग यंत्राचा. पण मोठी रक्कम जाते ती बहुतेक वेळा कसलेही मालवेअर न वापरता, नुसत्या बोलण्यावर. महाराष्ट्रातल्या शहरांत तोतया पोलिसांचा जुना प्रकार वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सकाळी देवळाकडे निघालेल्या आजींना दोघे अडवतात, पुढे चोरी झाली आहे, अंगावर दागिने कशाला घातलेत, काढून पुडीत बांधून देतो, म्हणतात. घरी येऊन पुडी उघडली की आत खडे. त्यात चार गोष्टी असतात: अधिकाराचे सोंग, भीती, घाई, आणि माणसाला एकटे गाठणे. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जो प्रकार गेल्या काही वर्षांत माजला, त्यात याच चार गोष्टी आहेत, फक्त दागिन्यांच्या जागी आयुष्यभराच्या ठेवी आल्या.

सुरुवात साध्या फोनने होते. तुमच्या नावाच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला. दोन तासांत नंबर बंद होईल. लगेच फोन ‘मुंबई पोलीस’, ‘सीबीआय’ किंवा ‘ईडी’कडे जोडून दिला जातो. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. नाव मनी लाँडरिंगच्या प्रकरणात आहे असे सांगून शिक्का मारलेले अटक वॉरंट व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यानंतरची अट सर्वांत महत्त्वाची: कोणालाही सांगायचे नाही, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही. असे तास, कधी दिवस जातात. झोप नाही, बोलायला कोणी नाही. शेवटी ‘पडताळणीसाठी’ सगळी रक्कम एका खात्यात भरायला सांगतात, निर्दोष ठरलात की परत मिळेल म्हणतात. 2024मध्ये वर्धमान समूहाचे वयोवृद्ध अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासाठी भामट्यांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे सोंग घेतले आणि सात कोटी रुपये काढून घेतले. पोलिसांनी वेगाने हालचाल केल्यामुळे त्यातली बरीच रक्कम वाचली. आयुष्यभर मोठा उद्योग चालवलेला माणूस फसू शकतो, तेव्हा अशिक्षित किंवा भोळे लोकच फसतात हा समज सोडून दिला पाहिजे. उलट निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांच्यात कायद्याचा धाक अधिक असतो, आणि साठवलेले पैसेही.

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर 2024च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले. अटक करायची तर पोलिसांना प्रत्यक्ष समोर यावे लागते, अटकेचे कारण सांगावे लागते, नातेवाइकांना कळवावे लागते आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. कोणतीही तपास यंत्रणा पडताळणीसाठी पैसे मागत नाही, आणि रिझर्व्ह बँकेत सामान्य माणसाचे पैसे ‘सुरक्षित’ ठेवण्याचे असे कोणतेही खाते नसते. फोन ठेवणे हा गुन्हा नाही. ठेवावा, घरातल्या कोणाला तरी बोलवावे, आणि शंका राहिलीच तर जवळच्या पोलीस ठाण्यात चालत जावे. एकटेपणा मोडला की हा सापळा बहुतेक वेळा तिथेच तुटतो. म्हणूनच एकटी राहणारी वयस्कर मंडळी ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी त्यांना या विषयाचा एखादा व्हिडिओ फॉरवर्ड करण्यापेक्षा रोज एक फोन करावा. बँकेच्या काउंटरवरही हे घडू शकते: मुदतठेव अचानक मोडायला आलेल्या घाबरलेल्या आजोबांना कर्मचाऱ्याने दोन प्रश्न विचारले आणि पैसे वाचले, अशी उदाहरणे आहेत.

भीतीइतकेच आशेचे भांडवल होते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया 1776मध्ये कोकणातले किल्ले ताब्यात घेण्यापर्यंत पोहोचला, त्याचे एक कारण भाऊ परत यावेत असे असंख्य लोकांना मनापासून वाटत होते हे होते. शेअर बाजाराच्या बनावट गटांत हीच ओढ कामाला लावतात. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कोणीतरी गटात घेते, तिथे शंभर जण नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात. त्यातले बहुतेक एकाच टोळीचे. सुरुवातीला दहा हजार भरले की बारा हजार खरोखरच परत मिळतात. तो भामट्याचा खर्च. मग ॲपवर लाखोंचा नफा दिसू लागतो आणि काढायला गेले की आधी कर भरा, शुल्क भरा. व्हिडिओ लाइक करून पैसे देणारे ‘पार्ट टाइम जॉब’ही याच वाटेने जातात. ॲपवरचा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. दलाल किंवा सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते; आणि ‘गुंतवणूक’ एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या किंवा ट्रेडर्सच्या नावाच्या खात्यात भरायला सांगितली, तर पुढचे काही तपासण्याची गरजच उरत नाही.

यूपीआयबाबत एक नियम पाठ असला की बऱ्याच फसवणुका टळतात: पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला की ‘लष्करात आहे, बदली झाली, लगेच घेतो’ म्हणणारा ग्राहक क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करा, पैसे येतील, म्हणतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ हा दुसरा प्रकार. त्यात आलेला एसएमएस खोटा असतो, म्हणून संदेशावर न जाता बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा संदेश महावितरणच्या नावाने महाराष्ट्रभर फिरला. त्यातल्या नंबरवर फोन केला की पडदा दाखवणारे ॲप बसवायला सांगत. असे ॲप बसवले की आपण टाइप केलेला प्रत्येक आकडा पलीकडच्याला दिसतो. बँकेचा किंवा कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. शोधनिकालात भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. तो पासबुकवर, कार्डच्या मागे किंवा बिलावर छापलेला असतो. तिथूनच घ्यावा.

संकेतस्थळाचा पत्ता वाचायची एक पद्धत आहे. सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते; रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँका आता ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर आल्या आहेत. बँकेचे नाव सुरुवातीला असून शेवट भलताच असेल, तर ते स्थळ दुसऱ्याच कोणाचे. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. मधल्या वाटेत माहिती कोणी वाचत नाही एवढेच ते सांगते. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतेच.

पासवर्डबद्दल लोकांना उगाच अवघड नियम सांगितले गेले. लांबी महत्त्वाची, चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि फोडायलाही कठीण जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकच पासवर्ड दोन ठिकाणी नसावा, कारण एका दुकानाची यादी चोरीला गेली की चोर त्याच जोड्या ईमेलवर आणि बँकेवर लावून पाहतात. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत जपावा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हींना दुहेरी पडताळणी लावावी. वहीत लिहून घरातल्या कपाटात ठेवलेला पासवर्ड, सगळीकडे वापरलेल्या एका सोप्या पासवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि तासभर आलेच नाही, तर कोणीतरी त्याच नंबरचे दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते; लगेच कंपनीला कळवावे. आपल्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर कळते, आणि संशयास्पद फोनची तक्रार तिथल्याच ‘चक्षू’वर करता येते. ग्रामीण भागात अंगठा लावून पैसे काढण्याची सोय मोठीच, पण जमिनीच्या दस्तांवरचे ठसे नक्कल करून काही राज्यांत खाती रिकामी केली गेली. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते आणि लागेल तेव्हा काही वेळापुरते उघडता येते. ज्यांना रोज अंगठा लावावा लागत नाही त्यांनी ते करून ठेवावे. आवाजाची नक्कल आता काही सेकंदांच्या नमुन्यावरून होते. ‘आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव’ असा मुलाच्या आवाजात फोन आला, तरी तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावावा.

या सगळ्या धंद्याचा कणा म्हणजे भाड्याची बँक खाती, ज्यांना म्यूल खाती म्हणतात. लुटलेली रक्कम पहिल्या खात्यातून दहा, तिथून पन्नास खात्यांत फुटते आणि मग एटीएममधून किंवा क्रिप्टोच्या रूपाने बाहेर जाते. ही खाती कॉलेजातल्या मुलांची, मजुरांची, बंद पडलेल्या दुकानांची असतात. ‘खाते आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे’ अशी बोली असते. मुलांना वाटते, आपण काही चोरले नाही. पण पोलिसांना आधी सापडतो तो खातेदार, कारण नाव, पत्ता, फोटो सगळे बँकेत असते. कॉसमॉसच्या प्रकरणातही कायद्याच्या हाती लागली ती प्रामुख्याने अशीच शेवटच्या टोकाची माणसे. पदवी हाती पडण्याआधी गुन्हा नोंदला गेला की नोकरी, पासपोर्ट सगळेच अडते. दुसऱ्या टोकालाही दुःख आहे. म्यानमार, कंबोडियातल्या कुंपणबंद वसाहतींत डेटा एंट्रीच्या नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना मारहाण करून फसवणुकीचे फोन करायला लावतात. मार्च 2025मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. एजंटने थायलंडच्या पर्यटक व्हिसावर नोकरी देऊ केली, तर त्याला तिथेच नकार द्यावा.

फसवणूक झालीच, तर वेळ हीच सगळ्यांत मोठी गोष्ट. 1930 हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार गेली की रक्कम ज्या ज्या खात्यांत गेली त्या बँकांना एकाच यंत्रणेतून कळवले जाते आणि पैसे बाहेर पडले नसतील तर तिथेच गोठवले जातात. पहिल्या काही तासांत फोन केलेल्यांचे पैसे वाचण्याची शक्यता खूप अधिक. दोन दिवसांनी केलेल्यांची फार कमी. त्यानंतर बँकेला लेखी कळवावे, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवावी, आणि संदेश, कॉलची नोंद, व्यवहाराचा क्रमांक यांतले काहीही पुसू नये. लाजेने किंवा रागाने गप्पांचा सगळा इतिहास पुसून टाकणारे स्वतःचाच पुरावा घालवतात.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच येते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक स्वतःची असली तरी लगेच कळवण्यातच हित आहे. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याचा क्रमांक 14448. याच काळात ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असे फोन येऊ लागतात. हे चोरावर मोर. फसलेल्यांच्या याद्या टोळ्यांमध्ये विकल्या जातात आणि एकदा फसलेल्याला पुन्हा गाठले जाते.

तक्रारीला उशीर होण्याचे सर्वांत मोठे कारण लाज. लोक काय म्हणतील, मुलगा काय म्हणेल, या विचारात रात्र जाते आणि तेवढ्यात पैसे चार राज्यांतून फिरून निघून जातात. भामटे रोज शेकडो लोकांवर सराव करतात. ज्याच्यावर हा प्रसंग येतो त्याची ती पहिलीच वेळ असते. घरात कोणी फसल्याचे कळले तर आधी 1930 लावावा. ‘तुम्ही असे कसे केलेत’ हा प्रश्न नंतर विचारता येतो, आणि विचारलाच नाही तर अधिक बरे.